क्वाड बाइक: चेनवाली की शाफ्टवाली? धारणीच्या चिखलात उभं राहून विचार करू

धारणीच्या एका मित्राने दोन जाहिरातींचे स्क्रीनशॉट पाठवले आणि खाली एकच ओळ लिहिली: "भाऊ, चेनवाली घेऊ का शाफ्टवाली?" घरच्या वावरात मातीचा ट्रॅक करायचा आणि मेळघाटात येणाऱ्या पर्यटकांना क्वाड बाइकवर फेऱ्या मारू द्यायच्या, असा त्याचा बेत आहे. पैसा थोडा साठवलेला, थोडा उसना. म्हणजे निवड चुकली तर सीझनही गेला आणि हप्ताही थकला. म्हणून उत्तर जरा नीट देतो.

दोन्हींत फरक काय?

चेन तुम्हाला माहीत आहे. इंजिनाजवळ छोटं चाक, मागे मोठं चाक आणि मधे चेन. आपला गॅरेजवाला ज्याला 'चेन-सॉकेट' म्हणतो, तेच. शाफ्टमध्ये चेनऐवजी बंद नळीत फिरणारा लोखंडी दांडा असतो आणि मागच्या टोकाला क्राऊन-पिनियन. जीपखाली जे दिसतं, त्याचीच लहान आवृत्ती.

स्पोर्ट क्वाड बहुतेक चेनवरच येतात. यामाहाची 'रॅप्टर 700आर' आणि 'वायएफझेड450आर' दोन्ही चेनवाल्या. कारण चेन हलकी असते आणि तिच्यात ताकद कमी वाया जाते. शिवाय गिअरिंग बदलणं स्वस्त पडतं. समजा पुढे 14 दाते आणि मागे 38 आहेत. पुढचं चाक 13 दात्यांचं बसवलं, की ओढ सुमारे 8 टक्के वाढते आणि टॉप स्पीड तेवढाच उतरतो. शाफ्टमध्ये हा खेळ जवळपास अशक्य. तरी होंडाची 'टीआरएक्स250एक्स' ही स्पोर्ट क्वाड शाफ्टवर आहे: रोजची कटकट कमी, पण वजन जास्त.

चिखलात कोण टिकतं?

काळ्या मातीचा चिखल आणि वाळू चेनवर बसली की पॉलिश पेपरसारखी घासत राहते. त्यात क्वाडचं मागचं मोठं चाक जमिनीच्या बरंच जवळ असतं, त्यामुळे दगड थेट दात्यांवर आदळतो. रोज चेन धुणं, वाळवणं, तेल देणं आणि ताण तपासणं आलंच. चिखलावरच तेल मारलं तर उलट झीज वाढते. आणि ओ-रिंगवाली चेन पेट्रोलने धुऊ नका, रबर खराब होतं.

शाफ्टला यातलं फारसं काही लागत नाही. वेळेवर गिअर ऑइल बदला, सील गळतंय का बघा, बस्स. पण सील फाटून आत पाणी शिरलं आणि लक्षात आलं नाही, तर आतले दाते, बेअरिंग सगळं जातं.

इथेच आपल्या गावाचा हिशेब वेगळा होतो. तुटलेली चेन धारणीतला बाइक मेकॅनिक सांधू शकतो. योग्य मापाची चेन परतवाड्याला किंवा बऱ्हाणपूरला मिळण्याची आशा तरी असते. क्वाडचं क्राऊन-पिनियन मात्र सेमाडोह-घटांगचा घाट उतरून अमरावतीपर्यंत गेलात तरी दुकानात मिळेल, असं समजू नका. चेन वारंवार छोटा खर्च काढते. शाफ्ट क्वचित काढते, पण तेव्हा गाडी महिनाभर उभी राहू शकते.

रस्त्यावर चालेल का?

मोटार वाहन कायद्याच्या कलम 39 नुसार नोंदणीशिवाय सार्वजनिक ठिकाणी गाडी चालवता येत नाही. आणि स्पोर्ट क्वाडला साधारणपणे ही नोंदणी मिळत नाही. पोलारिसने 2020 च्या शेवटी 'स्पोर्ट्समन 570' भारतात रस्त्यासाठी मान्य करून आणली, तीही ट्रॅक्टर म्हणून. ती कामाची, शाफ्टवाली गाडी, किंमत तेव्हा सुमारे 8 लाख. म्हणजे चेनवाली स्पोर्ट क्वाड घेतली तर ती खासगी, बंदिस्त जागेतच चालवायची. जंगलात नेण्याचा विचारही नको: अभयारण्यात शिरायला वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 नुसार परवानगी लागते.

मग घ्यायची कोणती?

एक-दोन गाड्यांवर सुरुवात असेल आणि मेकॅनिक गावातलाच असेल, तर चेनवाली. पण एक जादा चेन-सॉकेट सेट पहिल्याच दिवशी घेऊन ठेवा, आणि प्रत्येक गाडीमागे रोजची पंधरा-वीस मिनिटं धरा. एवढा वेळ देणं जमणार नसेल आणि विक्रेता सुटे भाग किती दिवसांत देणार हे लेखी देत असेल, तर शाफ्टवाली. सगळ्यात वाईट सौदा म्हणजे स्वस्तातली जुनी शाफ्टवाली, जिचे भाग कुठेच मिळत नाहीत.

जुनी बघायला जाल तेव्हा:
- चेनवाली: मागच्या चाकावरची चेन बोटांनी मागे ओढा. अर्धा दात उघडा पडला तर संपलेली समजा.
- शाफ्टवाली: मागच्या गिअर ऑइलचे चार थेंब काढून बघा. दुधाळ दिसलं तर पाणी शिरलंय. लोखंडाचा चुरा चमकला तर दाते झिजलेत.

मित्राला मी चेनवाली घे म्हणालो. पण त्याआधी पैसे हेल्मेट, कुंपण आणि विम्यात घाल, असंही सांगितलं. ट्रॅकवर येणारा पर्यटक बहुधा पहिल्यांदाच क्वाडवर बसणार आहे. तो पडला, तर गाडी चेनची होती की शाफ्टची, हे कोणी विचारणार नाही.