विश्लेषण : काचबिंदूचे तज्ज्ञ डहाणू-तलासरीपर्यंत कसे पोहोचणार?

मोतीबिंदूमुळे गेलेली दृष्टी शस्त्रक्रियेनंतर बहुतेकदा परत मिळते. काचबिंदूमुळे गेलेली मिळत नाही. तरीही ‘वय झाले, आता दिसणार कसे’ म्हणून दोन्ही आजारांकडे सारखेच दुर्लक्ष होते.

निदान अवघड का?

काचबिंदूत डोळ्याकडून मेंदूकडे जाणारी नस हळूहळू निकामी होते. आधी कडेचे दिसणे कमी होते, समोरचे शाबूत राहते. बहुतेकांना वेदनाही होत नाहीत. डोळ्यातील दाब साधारण १० ते २१ असतो. मात्र तो या मर्यादेत असूनही काहींना काचबिंदू होतो. म्हणून नुसता दाब मोजून भागत नाही. देशात चाळिशीपुढील सुमारे १ कोटी १२ लाख लोकांना काचबिंदू असल्याचा २०१०चा अंदाज आहे. त्यातील बहुतेकांना आजाराचा पत्ताच नसतो.

विशेष प्रशिक्षणात काय शिकवतात?

नेत्ररोगातील एमएस पदवी तीन वर्षांची. त्यानंतर मदुराईचे अरविंद, हैदराबादचे एल. व्ही. प्रसाद, चेन्नईचे शंकर नेत्रालय अशा संस्थांत काचबिंदूची फेलोशिप करता येते. डोळ्यातील पाण्याच्या निचऱ्याचा कोन तपासणे, दृष्टिक्षेत्राचा आलेख वाचणे, लेझर उपचार, निचऱ्यासाठी नवी वाट करून देणारी शस्त्रक्रिया आणि त्यानंतरची गुंतागुंत हाताळणे हे त्यात येते.

मग अडते कुठे?

असे तज्ज्ञ मुख्यतः मोठ्या शहरांत आहेत. डहाणू रोड ते चर्चगेट अंतर सव्वाशे किलोमीटरच्या आसपास. काचबिंदूच्या रुग्णाला ही वारी एकदा करून चालत नाही. तपासणी आणि थेंब बहुधा आयुष्यभराचे. दिवाळीनंतर वीटभट्टीवर किंवा बांधकामावर स्थलांतर करणाऱ्या आदिवासी मजुराचे उपचार इथेच तुटतात.

काय करता येईल?

प्रत्येक तालुक्याला काचबिंदूतज्ज्ञ मिळणे लगेच शक्य नाही. पण जिल्ह्यातील नेत्रतज्ज्ञांना अल्प मुदतीचे प्रशिक्षण देता येईल. मोतीबिंदू शिबिरातच चाळिशीपुढील प्रत्येकाच्या डोळ्याची नस तपासता येईल. संशयित रुग्णांसाठी डहाणूच्या उपजिल्हा रुग्णालयात महिन्यातून एक दिवस तज्ज्ञ बोलावता येईल. स्थलांतरापूर्वी हंगामभराचे थेंब मोफत हातात देता येतील.

प्रशिक्षणाचे मोल प्रमाणपत्रांच्या संख्येवर ठरू नये. पाड्यावरच्या किती जणांची उरलेली नजर वाचली, हाच त्याचा हिशेब.