फरशी निवडणाऱ्याने ती आधी पुसून दाखवावी

गेल्या वर्षी पुण्यातल्या नव्या फ्लॅटसाठी टाइल्स निवडायला मी तीन रविवार घालवले. स्क्वेअर फुटाचा दर विचारला, जॉइंट किती दिसतील ते विचारलं, दुपारच्या उन्हात रंग पिवळट वाटेल का तेही विचारलं. शेवटी 800 बाय 1600 मिलिमीटरची पांढरीशुभ्र, हाय ग्लॉस व्हिट्रिफाइड टाइल घेतली. दुकानदाराने मोबाइलचा टॉर्च मारला, तर आरशासारखा लख्ख परत आला. मी खूश. एक प्रश्न मात्र तीन रविवारांत एकदाही सुचला नाही: ही पुसणार कोण?

आठ महिन्यांनी उत्तर मिळालं. केर-फरशीला येणाऱ्या मावशी हॉल पुसून झाल्यावर बादली उचलायला उठल्या आणि नुकत्याच पुसलेल्या ओल्या टाइलवर घसरल्या. उजवं मनगट मोडलं. मी धावत बाहेर आलो, तर त्यांचं पहिलं वाक्य होतं, "दादा, पाणी सांडलं बघा सगळं."

त्याच संध्याकाळी मी सोसायटीच्या ग्रुपवर टाकलं: 'अर्जंट, बदली बाई हवी.' तीन नंबर आले. मावशींना किती लागलं, हे कुणी विचारलं नाही. मीही मेसेजमध्ये ते लिहिलं नव्हतं. तिघींचीही कामं भरलेली निघाली, म्हणून पुढचा दीड महिना फरशी मी पुसली. त्या दीड महिन्यात माझी जी खात्री झाली ती अशी: आपल्याकडे फरशी निवडतो तो तिच्यावर चालणारा आणि तिचे फोटो टाकणारा. तिच्याशी रोज झगडणाऱ्या बाईला कुणी विचारत नाही. आणि म्हणूनच आपण चुकीची फरशी निवडतो.

मी सॉफ्टवेअर लिहितो. वापरणाऱ्याला न विचारता स्क्रीन बनवली, तर ऑफिसात आमची सालं काढतात. फरशीचा खरा वापर पुसणारी व्यक्ती करते. आपण फक्त त्यावरून ये-जा करतो.

आधी चकाकीचं बघू. पॉलिश केलेल्या पांढऱ्या टाइलवर एक केसही लपत नाही. पाण्याचा थेंब वाळला की डाग, फिनाइल जास्त झालं की पट्टे. पट्टे दिसले की आपण म्हणतो, "मावशी, जरा जास्त टाका ना फिनाइल." खरं तर पट्टे बऱ्याचदा त्या जास्तीच्या फिनाइल-साबणाचेच असतात. त्याचा पातळ थर वाळून राहतो, त्यावर धूळ चिकटते आणि उद्या फरशी आणखी मळकी दिसते. मी हे स्वतः केलं. प्लास्टर घातलेला हात घेऊन मावशी पगार न्यायला आल्या, खाली बघून हसल्या आणि म्हणाल्या, "दादा, पट्टे राहिलेत." हे वाक्य मी त्यांना किती वेळा ऐकवलं होतं!

जुन्या चाळींतल्या, वाड्यांतल्या मोझॅक टाइल्स आठवा. सिमेंटमध्ये संगमरवराचे रंगीबेरंगी तुकडे. एखादं शीत पडलं तरी चार पावलांवरून दिसत नसे. त्यांना आज आपण 'डल' म्हणतो. डल म्हणजे काय, तर जी पुसणारीची चुगली करत नाही ती.

आता घसरणं. ओल्या फरशीवर पाय आणि टाइल यांच्यामध्ये पाण्याचा थर येतो. खडबडीत शहाबादीवर तो थर फोडायला उंचवटे असतात. गुळगुळीत पॉलिशवर नसतात. त्यात साबण मिसळला की झालंच. फरशी किती घसरते हे मोजता येतं. जर्मन पद्धतीत तेल लावलेल्या फरशीवर माणसाला चालवतात, उतार वाढवत नेतात आणि आर9 ते आर13 असे दर्जे देतात. आकडा जितका मोठा, तितकी घसरण कमी. मी चकाकी टॉर्चने तपासली. घसरण तपासायला ग्लासभर पाणी पुरलं असतं.

कुणी म्हणेल, मॉप आहे की. आहे, आमच्याकडेही होता, बाल्कनीत. कारण आम्हीच सांगितलं होतं, "मॉपने कोपरे निघत नाहीत, हातानेच पुसा." हातानेच म्हणजे उकिडवं बसून, नाहीतर गुडघ्यांवर. सतत गुडघे टेकून काम केल्याने वाटीपुढे जी सूज येते, तिला इंग्रजी वैद्यकात मोलकरणीचा गुडघा असंच नाव आहे. माझे गुडघे चौथ्या दिवशी बोलायला लागले, आणि माझं तर एकच घर होतं. मावशींची पाच आहेत.

यावर रील्सचं ज्ञान. 'लिंबू-व्हिनेगरने मार्बल चमकवा, शंभर टक्के नैसर्गिक!' संगमरवर म्हणजे मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट. शहाबादी आणि कोटा हे चुनखडीचे दगड, म्हणजे तेही तेच. आम्ल पडलं की दगड फसफसतो आणि झिजतो, पॉलिश कायमचं जातं. व्हिट्रिफाइड टाइलला अॅसिडने सहसा काही होत नाही, पण मधलं सिमेंटचं ग्राउट खाल्लं जातं. लॅमिनेटचा शत्रू साधं पाणीच. कडेने आत शिरलं की फळी फुगते. या दगडांना आणि टाइल्सना साधा सौम्य साबण थोडासा आणि स्वच्छ पाण्याची दुसरी बादली एवढं रोजच्या कामाला पुरतं. पण आपण मावशींच्या हातात काय देतो? कोल्ड्रिंकच्या बाटलीत भरलेलं, लेबल नसलेलं काहीतरी. टॉयलेट क्लीनरमधलं अॅसिड आणि ब्लीच एकत्र आलं तर क्लोरीन वायू सुटतो. हे आपण बारावीत शिकलो, मार्क मिळवले आणि विसरलो. श्वास त्यांचा कोंडतो.

'यापेक्षा शेणाने सारवलेली भुई बरी, किती गार!' असं म्हणणारेही भेटतात. बहुतेक पुरुष, आणि एकानेही कधी सारवलेलं नसतं. माझी आजी सारवायची. पोपडे निघाले की पुन्हा, सणाच्या आधी पुन्हा, वाकून. तिथेही गारवा एकाचा आणि कंबर दुसरीची होती. तेव्हा गोष्ट जुन्या-नव्याची नाहीच.

'आम्ही पैसे देतो' हे शेवटचं अस्त्र. महाराष्ट्रात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा 2008 सालचा आहे. मावशींनी तो ऐकला नव्हता. मीही नव्हता, आणि मी तर दिवसभर इंटरनेटवर असतो. दीड महिना त्यांचा पगार चालू ठेवला म्हणून सोसायटीत माझं कौतुक झालं. कामावर हात मोडलेल्या माणसाचा पगार न कापणं ही कौतुकाची गोष्ट ठरते, यातच आलं सगळं. लक्ष्मीपूजनाला आपण केरसुणीला हळद-कुंकू वाहतो. ती धरणारा हात मोडला की 'अर्जंट, बदली'.

टाइल्स उखडून टाकायला माझ्याकडे पैसे नाहीत. मॉप बाल्कनीतून आत आलाय, फिनाइलचं माप ठरलंय, पट्ट्यांबद्दल कुणी बोलायचं नाही हेही ठरलंय. मावशी परत आल्यात, पण हॉलमधून जाताना अजून भिंतीला हात लावून चालतात.

परवा एका मित्राने टाइल्सचे फोटो पाठवले. सगळ्या आरशासारख्या. 'कुठली घेऊ?' मी लिहिलं, 'सॅम्पल घरी आण, पाणी ओत, स्वतः पुस, त्यावर अनवाणी चाल. मग तुमच्या मावशींना विचार.' त्याने हसण्याचा इमोजी टाकला: 'त्यांना काय कळतं टाइल्समधलं?'

तुमच्या घरात टाइल्समधलं कळणारी ती एकच व्यक्ती आहे, बाबा.