स्तनपान आणि प्रसूतिगृहाची शिस्त

स्तनपानाचे फायदे मोजू पाहणाऱ्या संशोधकापुढे पहिली अडचण नैतिक असते आणि दुसरी संख्याशास्त्रीय. काही मातांनी बाळाला अंगावर पाजावे आणि काहींनी पाजू नये, अशी वाटणी चिठ्ठ्या टाकून करता येत नाही. आणि आपणहून पाजणाऱ्या मातांची न पाजणाऱ्यांशी नुसती तुलना केली, तर शिक्षण, उत्पन्न, धूम्रपान यांसारखे घरोघरचे फरकही दुधाच्याच खात्यावर जमा होतात. कॅनडातील मॅकगिल विद्यापीठाचे बालरोगतज्ज्ञ मायकेल क्रेमर यांनी ही कोंडी फोडली ती पाजण्या-न पाजण्याची नव्हे, तर पाजणाऱ्या आईला मिळणाऱ्या मदतीची वाटणी करून.

त्यासाठी त्यांनी बेलारूस निवडला. तेथे स्वच्छ पाणी आणि आरोग्यसेवा सर्वांना उपलब्ध होती, पण प्रसूतिगृहांतील रीती पाश्चात्त्य देशांनी दोन-तीन दशकांपूर्वी टाकून दिलेल्या होत्या. १९९६-९७ मध्ये ३१ प्रसूतिगृहांची यादृच्छिक, म्हणजे निव्वळ दैवाच्या हाती सोपवलेली, विभागणी झाली. एका गटाने जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांची ‘बाळस्नेही रुग्णालय’ ही पद्धत स्वीकारली, दुसऱ्याने जुनाच शिरस्ता चालू ठेवला, आणि १७,०४६ निरोगी, पूर्ण दिवसांच्या बाळांवर लक्ष ठेवले गेले.

बाळस्नेही पद्धतीत अवजड असे काही नाही. बाळ जन्मल्यावर लगेच आईच्या अंगाशी द्यावे, तिच्याच खोलीत ठेवावे, घड्याळाकडे न पाहता ते मागेल तेव्हा पाजावे, वरचे पाणी किंवा दूध कारणाशिवाय देऊ नये, आणि बाळाला छातीशी कसे धरावे हे परिचारिकेने जवळ बसून दाखवावे. या शेवटच्या गोष्टीवरच बरेच अवलंबून असते. कारण नुसते स्तनाग्र तोंडात आले तर आईला चिरा पडतात आणि बाळ उपाशी राहते, उलट भोवतीच्या काळसर भागाचाही बराचसा हिस्सा उघड्या तोंडात गेला तर दूध नीट ओढले जाते, आणि जितके ओढले जाते तितकेच नवे तयार होते. बाटलीने पोट भरलेले बाळ कमी ओढते, म्हणून दूध कमी बनते, आणि मग घरात सगळे म्हणू लागतात की हिला दूधच पुरत नाही.

निष्कर्ष २००१ मध्ये प्रसिद्ध झाले. तिसऱ्या महिन्यात केवळ आईच्या दुधावर असलेली बाळे बाळस्नेही गटात ४३.३ टक्के होती, तर दुसऱ्या गटात ६.४ टक्के. पहिल्या वर्षात पोटाचा संसर्ग झालेल्या बाळांचे प्रमाण अनुक्रमे ९.१ आणि १३.२ टक्के भरले. त्वचेचा इसब निम्म्यावर आला. श्वसनमार्गाच्या संसर्गात मात्र लक्षणीय फरक आढळला नाही. पुढे हीच मुले मोठी होत असता तपासली गेली, तेव्हा लठ्ठपणा, दमा आणि रक्तदाब यांपासून संरक्षण मिळाल्याचे दिसले नाही. साडेसहाव्या वर्षी शाब्दिक बुद्ध्यंकात सुमारे साडेसात गुणांची आघाडी होती. पण तपासणाऱ्या डॉक्टरांना मूल कोणत्या गटातले हे ठाऊक होते, आणि सोळाव्या वर्षी ती आघाडी दीडेक गुणांवर उतरली. अर्थात येथे दोन्ही गटांतील मातांनी स्तनपान सुरू केलेले होते, त्यामुळे मुळीच न पाजल्याने होणारी हानी या आकड्यांत मावत नाही, हेही ध्यानात घेतले पाहिजे.

आईचे दूध प्यायलेले मूल हुशार निघते, बारीक राहते, कशानेच आजारी पडत नाही, असे भिंतीवर रंगवणाऱ्यांनी हा अभ्यास एकदा वाचावा. अतिसार टळणे हा फायदा एकटाच पुरेसा आहे, आणि जेथे पाणी बेलारूसइतके स्वच्छ नाही तेथे तर तो कितीतरी मोठा ठरतो. अतिशयोक्तीने मात्र एकच साधते : जिला पाजणे जमले नाही, तिच्या माथी अपराध येतो.

भारतातील चित्र या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) ८८.६ टक्के प्रसूती संस्थांमध्ये होतात, पण जन्मानंतर तासाभरात अंगावर पाजलेल्या बाळांचे प्रमाण ४१.८ टक्केच आहे. म्हणजे बाळंतीण डॉक्टर-परिचारिकांच्या देखरेखीखाली असतानाच हा तास निसटतो. मग मध चाटवणाऱ्या आजीला बोल लावून भागत नाही. शस्त्रक्रियेनंतर बाळ वेगळ्या खोलीत नेले जाते, पहिला घट्ट चीक थोडासाच येतो म्हणून ‘दूध उतरलेले नाही’ असा निर्वाळा दिला जातो आणि पावडरचा डबा आणायला माणूस धावतो. १९९२ च्या कायद्याने शिशुआहाराच्या जाहिरातींना आणि मोफत नमुन्यांना बंदी घातली, ते योग्यच झाले. पण पहिल्या रात्री आईजवळ बसणारी परिचारिका कायदा पुरवत नाही.

प्रसूतिगृहाच्या दर्शनी भागात दरपत्रक असते. त्याच्याच शेजारी, गेल्या महिन्यात जन्मलेल्या किती बाळांना तासाभरात आईने पाजले, हा आकडाही लावला जावा, आणि नाव नोंदवायला आलेल्या कुटुंबाने खोलीचे भाडे विचारण्याआधी तो विचारावा.