‘प्रकरण मिटले’ या दोन शब्दांविरुद्ध

शिक्षकावर विद्यार्थ्याने हात उचलणे वाईट आहे हे पटवून देण्यासाठी पत्रक काढावे लागावे, अशी वेळ महाराष्ट्रावर अजून आलेली नाही. १० जुलै २०२५ रोजी, म्हणजे ऐन गुरुपौर्णिमेच्या दिवशी, हरियाणातील हिसार जिल्ह्यात एका शाळेच्या प्राचार्यांना त्यांच्याच शाळेतील विद्यार्थ्यांनी शाळेच्या आवारात चाकूने भोसकून ठार केले. केस नीट कापावेत आणि शिस्तीने राहावे असे बजावल्याचा तो राग होता, असे पोलिसांच्या प्राथमिक तपासाच्या हवाल्याने त्या वेळी प्रसिद्ध झाले. ही बातमी वाचून ज्यांना काहीच वाटले नाही, त्यांच्यासाठी हे पत्रक नाही. ज्यांचा जीव हळहळला आणि तरीही ज्यांनी पुढच्याच आठवड्यात आपापल्या शाळेत नेहमीचेच केले, त्यांच्यासाठी ते आहे.

हिसारची घटना पहिली नव्हती. फेब्रुवारी २०१२ मध्ये चेन्नईत नववीच्या मुलाने शिक्षिकेला वर्गातच भोसकले, कारण तिने त्याच्याविषयीचा प्रतिकूल शेरा डायरीत लिहून पालकांना कळवला होता. जानेवारी २०१८ मध्ये यमुनानगरला बारावीच्या मुलाने प्राचार्यांवर वडिलांच्या परवान्याच्या रिव्हॉल्व्हरमधून गोळ्या झाडल्या, आणि डिसेंबर २०२४ मध्ये मध्य प्रदेशातील छतरपूर जिल्ह्यातही बारावीच्याच विद्यार्थ्याने प्राचार्यांना गोळी घालून मारले. या सर्व घटनांत शिक्षकाचा प्राण गेला म्हणून त्या जगाला कळल्या, कारण प्रेत लपवता येत नाही. लपवता येते ते त्याच्या अलीकडचे सगळे: वर्गात धरलेली गचांडी, कॉपी पकडली म्हणून परीक्षा केंद्राबाहेर अडवून दिलेली धमकी, फळ्याकडे पाठ वळताच भिरकावलेली वस्तू, शिक्षिकेच्या छायाचित्राची मोडतोड करून मोबाइलवर फिरवलेली विटंबना, आणि पटांगणात सगळ्यांदेखत मारलेली थप्पड. या घटनांचे शाळेत जे होते त्याला शिक्षणक्षेत्राच्या बोलीत ‘प्रकरण मिटले’ असे म्हणतात, आणि या पत्रकाचा रोख केवळ त्या दोन शब्दांवर आहे.

प्रकरण मिटवण्याचा विधी ठरलेला असतो. मुख्याध्यापकांच्या खोलीत खुर्च्या वाढवल्या जातात, संस्थेचा एखादा पदाधिकारी आणि गावातले वजनदार गृहस्थ येतात, मुलाच्या वडिलांना बोलावले जाते आणि चहा मागवला जातो. मुलाकडून रेघी कागदावर ‘पुन्हा असे करणार नाही’ असा माफीनामा लिहून घेतला जातो, त्याला शिक्षकाच्या पाया पडायला लावले जाते, आणि मग सर्वांच्या नजरा शिक्षकाकडे वळतात. कारण मोठे मन दाखवण्याची जबाबदारी त्या खोलीत एकट्या त्याच्यावर असते. मार कोणी खाल्ला हा प्रश्न एव्हाना मागे पडलेला असतो आणि शिक्षक ताणून धरणार की सोडून देणार, हा प्रश्न पुढे आलेला असतो. आपलेच दात आणि आपलेच ओठ, ही म्हण अशा बैठकीत हमखास ऐकू येते. रक्त कोणाच्या ओठातून आले, याची चौकशी मात्र होत नाही.

जिथे माफीनाम्याने भागत नाही तिथे दुसरा मार्ग अवलंबला जातो, तो दाखल्याचा. मुलाच्या पालकांना ‘स्वतःहून’ दाखला काढण्याचा सल्ला दिला जातो, त्यांचा तसा अर्ज घेतला जातो आणि शाळा सोडल्याचा दाखला त्यांच्या हातात ठेवला जातो. या दाखल्यावर ‘वर्तणूक’ नावाचा एक रकाना असतो आणि त्यात ‘चांगली’ हा शब्द लिहिण्याची वहिवाट आहे. चार दिवसांपूर्वी ज्याने शिक्षकाचा जबडा हलवला, त्याची वर्तणूक चांगली असल्याचे अशा रीतीने सही-शिक्क्यानिशी प्रमाणित होते आणि पुढच्या शाळेतील शिक्षक तो कागद वाचून निर्धास्तपणे फळ्याकडे वळतो. एका शाळेने स्वतःची सुटका करून घेतलेली असते; मुलाला मदत मिळालेली नसते, पुढच्या शिक्षकाला सूचना मिळालेली नसते, आणि शासकीय कागदपत्रांत मात्र सर्वत्र सुव्यवस्था नांदत असते.

ही वहिवाट केवळ भित्रेपणातून आलेली नाही, तिला हिशेब आहे. महाराष्ट्रात शाळेला किती शिक्षक मंजूर होणार हे संचमान्यतेवर, म्हणजे पटावरील विद्यार्थिसंख्येनुसार दरवर्षी पदे ठरवण्याच्या पद्धतीवर, अवलंबून असते. पट घटला की पद जाते आणि पद गेले की एक शिक्षक ‘अतिरिक्त’ ठरतो. अशा व्यवस्थेत पटावरचा प्रत्येक विद्यार्थी कोणाच्या तरी नोकरीचा आधार असतो, आणि गावात शाळेची चर्चा झाली तर दहा मुले शेजारच्या शाळेत जातील, ही भीती मुख्याध्यापकाच्या उशाशी असते. त्यात मार खाणारा शिक्षक जर शिक्षणसेवक असेल, म्हणजे ठरीव मानधनावर तीन वर्षांच्या परिवीक्षेसारख्या काळात राबणारा असेल, किंवा तासिका तत्त्वावर तासागणिक मोबदला घेणारा असेल, तर त्याने तक्रारीचा आग्रह धरणे म्हणजे स्वतःच्या पोटावर पाय देणेच होय. प्राथमिक शाळेतील शिक्षणसेवकाचे मानधन २०२३ पर्यंत महिना ६,००० रुपये होते आणि त्या वर्षी ते १६,००० झाले. मोठे मन इतक्या स्वस्तात मिळत असताना संस्थांनी नोंदवहीचा खर्च का करावा?

नियम लिहिण्याचे या राज्याला वावडे आहे असेही नाही. शिक्षकाच्या हातून चूक झाली तर काय करावे याची खासगी शाळांसाठीची पद्धत १९७७ च्या सेवाशर्ती अधिनियमाखालील १९८१ च्या नियमावलीत तपशीलवार दिलेली आहे: आरोपपत्र, लेखी खुलासा, तीन सदस्यांची चौकशी समिती आणि तिचा अहवाल. डॉक्टरांवर हल्ले वाढले तेव्हा राज्याने २०१० मध्ये स्वतंत्र कायदा केला, त्यात तीन वर्षांपर्यंत कैद, ५०,००० रुपयांपर्यंत दंड आणि मालमत्तेच्या नुकसानीची दुप्पट भरपाई ठरवली. बालकांवरील लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या २०१२ च्या ‘पोक्सो’ कायद्याने तर गुन्हा माहीत असून न कळवणे हाच स्वतंत्र अपराध ठरवला, आणि ते अत्यंत योग्य झाले, कारण ‘संस्थेची अब्रू’ या नावाखाली किती पापे झाकली जातात हे कायदेमंडळाने ओळखले होते. शिक्षकावर हल्ला झाल्यावर शाळेने पहिल्या दिवशी काय करायचे, या प्रश्नावर मात्र शाळेच्या कपाटात सहसा एक पानही सापडत नाही. शिक्षक चुकला तर तीन माणसांची समिती, शिक्षकाला मारले तर तीन कप चहा, असा हा न्याय आहे.

या वहिवाटीच्या समर्थनार्थ जे आक्षेप घेतले जातात, त्यांतला सर्वांत लाडका आक्षेप असा की, तक्रार केली तर लेकराचे आयुष्य बरबाद होईल. हा आक्षेप घेणाऱ्यांनी बाल न्याय अधिनियम २०१५ उघडून पाहिलेला नसतो, ही गोष्ट तो ऐकताक्षणी ध्यानात येते. अठरा वर्षांखालील ज्या मुलाकडून गुन्हा घडल्याचा आरोप आहे त्याला कायदा ‘आरोपी’ म्हणत नाही, ‘विधिसंघर्षग्रस्त बालक’ म्हणतो. त्याचे प्रकरण फौजदारी न्यायालयापुढे न जाता बाल न्याय मंडळापुढे जाते, ज्यात एक न्यायदंडाधिकारी आणि दोन समाजसेवक असतात व त्या दोघांपैकी किमान एक स्त्री असते. २०१६ च्या आदर्श नियमांनुसार, प्रौढांसोबत मिळून केलेला किंवा निर्घृण स्वरूपाचा गुन्हा वगळता, मुलाविरुद्ध प्रथम खबरी अहवालही नोंदवला जात नाही, पोलीस ठाण्याच्या दैनंदिनीत नोंद होते आणि मुलाच्या सामाजिक पार्श्वभूमीचा अहवाल तयार होतो. मंडळ समज देऊ शकते, समुपदेशनाला पाठवू शकते, समाजसेवा करायला लावू शकते, परिवीक्षेवर सोडू शकते. मुलाची ओळख प्रसिद्ध करणे हा गुन्हा आहे, आणि ज्याच्यावर प्रौढाप्रमाणे खटला चालण्याची वेळ आलेली नाही अशा मुलाला त्या प्रकरणामुळे पुढे कोणतीही अपात्रता चिकटत नाही, असे कलम २४ सांगते. लेकराच्या आयुष्याची काळजी कायद्याने मुख्याध्यापकांच्या खोलीतील बैठकीपेक्षा कितीतरी अधिक बारकाईने केलेली आहे. तेव्हा या आक्षेपातील ‘आयुष्य’ हा शब्द बहुतेक वेळा संस्थेच्या प्रवेशसंख्येला उद्देशून वापरलेला असतो.

दुसरा आक्षेप असा की, शिक्षण हक्क कायद्याने शाळांचे हात बांधले आहेत. २००९ च्या त्या कायद्याने आठवीपर्यंतच्या मुलाला शाळेतून काढून टाकण्यास मनाई केली आहे, हे खरे, आणि ती मनाई न्याय्यही आहे, कारण बारा वर्षांच्या मुलाला रस्त्यावर सोडल्याने कोणत्याही शिक्षकाची सुरक्षितता वाढत नाही. परंतु घटना लिहून ठेवण्यास, पालकांना लेखी कळवण्यास, मुलाला समुपदेशकाकडे पाठवण्यास किंवा त्याची तुकडी बदलण्यास त्या कायद्याचे कोणते कलम आड येते, हे आजवर कोणीही दाखवून दिलेले नाही. शिवाय नववी ते बारावीला ती मनाई लागूच नाही, आणि वर उल्लेखिलेल्या घटनांतील बहुतेक मुले याच वर्गांतील होती. जे हात बांधलेले असल्याचे सांगितले जाते, तेच हात दाखल्यावर ‘वर्तणूक चांगली’ असे लिहिताना मात्र मोकळे असतात.

तिसरा सूर ज्येष्ठांचा असतो: छडी गेली आणि पोरे बिघडली. या सुरातील आठवणींचा गोडवा मान्य करूनही तो खोटा म्हणावा लागतो. ऑगस्ट २०२५ मध्ये उत्तराखंडातील काशीपूरला नववीच्या मुलाने डब्यात लपवून आणलेल्या पिस्तुलाने शिक्षकावर गोळी झाडली, तेव्हा शिक्षकाने आधी थोबाडीत मारल्याचा राग हे कारण बातम्यांत पुढे आले होते. थप्पड गोळीचे समर्थन करत नाही. परंतु बलवानाने दुर्बळावर हात टाकला तर चालतो, हा धडा ज्या वर्गात शिकवला जातो तिथे पुढे बलवान कोण होईल यावर शिक्षकाचे नियंत्रण राहत नाही. शारीरिक शिक्षेला शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नुसार असलेली बंदी शिक्षकाच्याही हिताची आहे, आणि शिक्षकाने मारले असेल तर तेही त्याच नोंदवहीत लिहिले गेले पाहिजे. ‘शिक्षकाचेच काही चुकले असेल’ अशी कुजबूज करणाऱ्यांनाही हेच उत्तर आहे: चुकले असेल तर लिहा, चौकशी करा, कुजबुजीने चौकशी होत नाही.

झाकली मूठ सव्वा लाखाची असे म्हणणाऱ्यांनी अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्याचा हिशेबही पाहावा. ६ जानेवारी २०२३ रोजी तिथे पहिलीतल्या सहा वर्षांच्या मुलाने भर वर्गात आपल्या शिक्षिकेवर गोळी झाडली. त्या दिवशी मुलाजवळ पिस्तूल असल्याचा संशय सहकाऱ्यांनी शाळेच्या प्रशासनाच्या कानावर एकाहून अधिक वेळा घातला होता. शिक्षिका वाचल्या, त्यांनी दावा लावला, आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये ज्यूरीने इशाऱ्यांकडे केलेल्या दुर्लक्षापोटी त्यांना एक कोटी डॉलर भरपाई ठरवली. तिथे मूठ उघडली तेव्हा ती सव्वा लाखाची निघाली नाही.

शाळांनी करावे काय, हा प्रश्न मुळात अवघड नाही. शिक्षकावरील प्रत्येक हल्ल्याची, धमकीची आणि विटंबनेची नोंद चोवीस तासांच्या आत, शिक्षकाच्या सहीसह, क्रमांक घातलेल्या पानांच्या वहीत व्हावी. दुखापत झाली असेल तर वैद्यकीय तपासणी आणि पोलिसांना माहिती देणे ही संस्थेची जबाबदारी असावी, जखमी शिक्षकाने एकट्याने पोलीस ठाण्याची पायरी चढू नये. तक्रार मागे घेण्याविषयी शिक्षकाशी बोलण्याचा अधिकार कोणाही पदाधिकाऱ्याला नसावा. दाखला द्यावाच लागला तर तो मुलाच्या समुपदेशनाची सोय लावल्यानंतर आणि पुढच्या शाळेला गोपनीय पत्राने कळवल्यानंतर द्यावा, आणि ‘वर्तणूक’ या रकान्यात खोटे लिहू नये.

समेट नकोच, असा याचा अर्थ नव्हे. न्यूझीलंडने १९८९ च्या कायद्याने कुटुंब-परिषदेची पद्धत स्वीकारली, तिच्यात अपराध करणारे मूल, त्याचे कुटुंब आणि ज्याला इजा झाली ती व्यक्ती एकत्र बसतात आणि नुकसान कसे भरून काढायचे ते ठरवतात. या विचाराला पुनर्स्थापक न्याय म्हणतात, म्हणजे शिक्षेपेक्षा मोडलेले नाते आणि झालेली हानी दुरुस्त करण्यावर भर देणारा न्याय. वरवर पाहता ही बैठक मुख्याध्यापकांच्या खोलीतल्या बैठकीसारखीच दिसते, परंतु दोन बाबतींत ती तिच्या नेमकी उलट आहे: तिथे जे घडले ते आधी नोंदले जाते आणि मान्य केले जाते, आणि इजा झालेल्या व्यक्तीला बैठकीला न येण्याची मुभा असते. नोंद नाही आणि नकाराची मुभाही नाही, अशा समेटाला शरणागती म्हणतात, मग मुलगा कितीही वाकून पाया पडलेला असो. त्या पाया पडण्यातून मुलगा काही शिकतच असेल, तर दोन मिनिटे वाकले की सगळे माफ होते, एवढेच. आणि वर्गातील उरलेली पन्नास-साठ मुलेही तेच शिकतात.

पालकांकडे आणि शिक्षकांकडे या पत्रकाचे मागणे एकच आहे. शिक्षक-पालक संघाच्या पुढच्या सभेत त्यांनी उठून विचारावे, की या शाळेत शिक्षकांवरील हल्ल्यांची नोंदवही कोणत्या कपाटात आहे आणि तिचे शेवटचे पान कोणत्या तारखेचे आहे. ‘आमच्याकडे असे काही घडतच नाही’ असे उत्तर आले, तर त्याचा अर्थ एवढाच घ्यावा की त्या शाळेत नोंदवही नाही.