दहापैकी दहा गुणांची गाडी

दसरा-दिवाळीच्या तोंडावर वर्तमानपत्रांत नव्या मोटारींच्या पानभर जाहिराती येतात. त्यांतल्या एखाद्या जाहिरातीच्या कोपऱ्यात चषक छापलेला असतो आणि शेजारी ठळक अक्षरांत 'ग्राहक समाधानात प्रथम' असे लिहिलेले असते. खाली मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत पाहणीचे नाव आणि वर्ष. वाचणारा चषक पाहतो, मुंगीचा पाय कोणी वाचत नाही. आठ-दहा लाखांची वस्तू घेताना निदान तेवढे वाचावे. पाहणी कोणाची, कधी केलेली आणि कशाबद्दल विचारणारी, हे सगळे त्या बारीक ओळीत दडलेले असते.

या धंद्यातले सर्वांत मोठे नाव जे. डी. पॉवर. १९६८ साली अमेरिकेत ही संस्था सुरू झाली. तिची प्रसिद्ध पाहणी नवी गाडी घेतल्यानंतरच्या पहिल्या ९० दिवसांची असते. मालकांना विचारतात, काय काय खटकले? मग दर १०० गाड्यांमागे किती तक्रारी, असा आकडा काढतात. आकडा जितका कमी तितकी गाडी चांगली. पाहणी संस्था स्वतःच्या खर्चाने करते, तिची तपशीलवार माहिती मोटार कंपन्यांना विकते, आणि जाहिरातीत तो चषक छापायचा तर त्यासाठीही कंपनीला पैसे मोजावे लागतात. यात बेकायदा काही नाही, लपवलेलेही काही नाही. पण जाहिरातीत दिसतो तो फक्त जिंकणाऱ्याचा चषक. हरणारा आपला क्रमांक कशाला छापेल?

आता ९० दिवस म्हणजे किती, ते बघा. तीन महिन्यांत गाडी पहिल्या सर्व्हिसिंगला जाऊन येते. क्लच झिजायला, सस्पेन्शन वाजायला, पत्रा गंजायला, इलेक्ट्रॉनिक भाग रुसायला अजून वर्षे असतात. म्हणजे गाडी दहा वर्षे वापरणाऱ्याला हवी असलेली माहिती या पाहणीत असूच शकत नाही. शिवाय 'तक्रार' या शब्दात बिघाड आणि नावड दोन्ही एकत्र येतात. २००३ साली अमेरिकेतल्या या पाहणीत हमर ही अवाढव्य गाडी तळाला गेली. मालकांची मोठी तक्रार होती की ती इंधन फार पिते. गाडी बिघडली नव्हती. रणगाड्याच्या वळणाची गाडी घेतल्यावर ती पेट्रोल पिणारच, पण आकड्यात ते 'दोष' म्हणून मोजले गेले.

दुसरी अडचण माणसाच्या मनाची आहे. लिऑन फेस्टिंगर या मानसशास्त्रज्ञाने १९५७ साली मांडले की घेतलेला निर्णय आणि समोर येणारी उलट माहिती यांचा मेळ बसेना की माणूस अस्वस्थ होतो आणि निर्णय बरोबरच होता अशी स्वतःची समजूत घालू लागतो. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात नुकतीच नवी मोटार घेतलेल्या लोकांना त्यांनी कोणत्या जाहिराती वाचल्या ते विचारले. गाडी घेऊन झालेली, तरी ते वाचत होते त्याच गाडीच्या जाहिराती. ज्या गाड्या मनात होत्या पण घेतल्या नाहीत, त्यांच्या जाहिरातींकडे तेवढे लक्ष नव्हते. अशा माणसाला 'तुम्ही किती समाधानी आहात' असे विचारणे म्हणजे नव्या सुनेबद्दल लग्नाच्या मांडवातच सासूचे मत घेण्यासारखे आहे. आपल्याकडे तर गाडी घरी येते तीच हार, नारळ, चाकाखाली लिंबू आणि गल्लीभर पेढे अशी. पाच-सात वर्षांचा हप्ता नुकताच सुरू झालेला असतो. तो माणूस फोनवर अनोळखी आवाजाला 'फसलो' असे सांगेल, ही अपेक्षाच चुकीची आहे.

सारंगखेड्याला मार्गशीर्षात एकमुखी दत्ताची यात्रा भरते, तेव्हा तापीकाठी घोड्यांचा बाजार लागतो. तिथला जाणता गिऱ्हाईक काय करतो, हे या संदर्भात पाहण्यासारखे आहे. तो घोड्याचे ओठ वर करून दात पाहतो. घोड्याचे पुढचे दुधाचे दात साधारण अडीच ते साडेचार वर्षांत पडून पक्के येतात, पाचव्या वर्षी तोंड भरते, पुढे दातांवरचे खळगे झिजत जातात. मालक काहीही वय सांगो, दात त्याचे ऐकत नाहीत. मग खूर, पायांच्या नळ्या, डोळे, आणि शेवटी घोडा चालवून रेवाल चाल. पण त्याच बाजारात भोवरेही पाहिले जातात. देवमण आहे का, पंचकल्याणी आहे का, यावर किंमत चढते नि उतरते. केसांचा भोवरा घोड्याच्या फुप्फुसाबद्दल किंवा गुडघ्याबद्दल काहीही सांगत नाही. तरी त्याला भाव आहे, कारण पुढचा गिऱ्हाईकही भोवराच पाहणार, हे सर्वांना ठाऊक असते. मोटारीच्या जाहिरातीतला चषक माझ्या मते या भोवऱ्याच्या जातीचा आहे. गाडी पुन्हा विकताना त्याचा थोडा उपयोग होतही असेल. दात बघायचे ते वेगळीकडे.

गुण देण्याच्या या खेळात आणखी एक गंमत असते. गाडीची चावी देताना किंवा सर्व्हिसिंगचे बिल करताना सेल्समन अगदी अजिजीने सांगतो, 'साहेब, कंपनीचा फोन येईल, दहापैकी दहा द्या. नऊ दिले तरी आमचे कापतात.' त्याचे बिचाऱ्याचे खोटे नसते. जिथे गुणांवर शोरूमचा किंवा कामगाराचा इन्सेन्टिव्ह ठरतो, तिथे आठ म्हणजे नापास. मग आपण त्या पोराकडे बघून दहा देतो. चार्ल्स गुडहार्ट या ब्रिटिश अर्थतज्ज्ञाने १९७५ साली चलनपुरवठ्याबद्दल लिहिताना जे निरीक्षण नोंदवले, ते आता त्याच्या नावाने नियम म्हणून ओळखले जाते. एखादे मोजमाप हेच उद्दिष्ट झाले की ते मोजमाप म्हणून निकामी होते. थर्मामीटरवर फुंकर मारून ताप उतरवण्याचाच हा प्रकार.

उत्तर देतो कोण, हाही प्रश्न आहेच. १९३६ साली अमेरिकेतल्या 'लिटररी डायजेस्ट' या साप्ताहिकाने निवडणुकीआधी सुमारे एक कोटी लोकांना मतपत्रिका पाठवल्या. २३ लाखांहून जास्त परत आल्या. त्यावरून लँडन जिंकणार असे भाकीत केले, आणि निवडून आले रूझवेल्ट, तेही प्रचंड बहुमताने. पत्ते घेतले होते टेलिफोन आणि मोटारी असणाऱ्यांच्या याद्यांमधून, आणि उत्तर पाठवण्याची तसदी घेणारे लोक न घेणाऱ्यांसारखे नव्हते. लाखो उत्तरे आली म्हणून पाहणी खरी ठरत नाही. गाडीच्या बाबतीतही फोन उचलून वीस प्रश्नांना उत्तरे देणारा मालक हा एक तर अतिशय खूष असतो किंवा अतिशय चिडलेला. मधले बहुसंख्य फोन कट करतात.

पण माझा खरा आक्षेप वेगळ्या ठिकाणी आहे. जे मालकाला जाणवतच नाही, त्याबद्दल त्याचे समाधान काय सांगणार? मारुती सुझुकी ही कंपनी २००० सालापासून दशकाहून जास्त काळ जे. डी. पॉवरच्या भारतातल्या ग्राहकसेवा पाहणीत सलग पहिली येत होती. जानेवारी २०१४ मध्ये ग्लोबल एनकॅप या संस्थेने भारतातल्या पाच लोकप्रिय गाड्या ताशी ६४ किलोमीटर वेगाने आदळवून पाहिल्या. अल्टो ८००, नॅनो, फिगो, आय१० आणि पोलो. एअरबॅग नसलेल्या या पाचही गाड्यांना प्रौढ प्रवाशांच्या सुरक्षेसाठी शून्य तारे मिळाले. दोन एअरबॅग घातलेल्या पोलोला मात्र चार. दोन्ही निकाल आपापल्या जागी खरे होते. वर्कशॉपमध्ये वागणूक चांगली होती आणि धडकेत संरक्षण नव्हते. पहिल्या गोष्टीबद्दल ग्राहकाला विचारता येते. दुसरी त्याला कळते तेव्हा सांगायला तो असतोच असे नाही. २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ माणसे गेली. त्यांत पायी चालणारे आणि दुचाकीवाले पुष्कळ, पण मोटारीतलेही कमी नव्हते.

डॉक्टरांच्या जगातही हा तिढा आहे. २०१२ साली कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी सुमारे ५२ हजार प्रौढांची माहिती तपासली. आपल्या डॉक्टरांवर सर्वांत समाधानी असलेल्या गटाचा औषधांवरचा आणि एकूण उपचारांवरचा खर्च सर्वांत असमाधानी गटापेक्षा जास्त निघाला, आणि मृत्यूचे प्रमाणही सुमारे २६ टक्क्यांनी जास्त. समाधानाने माणसे मरतात असा याचा अर्थ नव्हे. एवढेच दिसते की मागितले ते सलाईन लावणारा डॉक्टर आवडणे आणि बरे होणे, या दोन गोष्टी वेगवेगळ्या मोजाव्या लागतात. म्हणून सरकारी 'मेरा अस्पताल'सारख्या योजनेत रुग्णाला स्वच्छता, वागणूक, औषधे मिळाली का, हे जरूर विचारावे. शस्त्रक्रियेनंतर जंतुसंसर्ग किती जणांना झाला, हे मात्र नोंदवहीतून काढावे लागते.

मग या पाहण्या टाकाऊ आहेत का? तसे नाही. सर्व्हिस सेंटरचा माणूस वेळ पाळतो का, बिल सांगितल्याएवढे येते का, हे ग्राहकाशिवाय दुसरे कोणी सांगू शकत नाही. तीन वर्षे वापरलेल्या गाड्यांच्या मालकांची पाहणी ९० दिवसांच्या पाहणीपेक्षा पुष्कळ बरी. अमेरिकेतले 'कन्झ्युमर रिपोर्ट्स' जाहिराती घेत नाही, चाचणीच्या गाड्या स्वतः विकत घेते आणि सभासदांकडून वर्षानुवर्षांच्या बिघाडांची माहिती जमवते. तसे काही आपल्याकडे मोटारींसाठी उभे राहायला हवे. ग्राहक पंचायतीची चळवळ पुण्यात १९७४ साली सुरू झालेल्या या राज्याला ते जड जाऊ नये.

दात पाहायची सोय मात्र झाली आहे. १ ऑक्टोबर २०२३ पासून भारत एनकॅप ही आपली स्वतःची धडक चाचणी सुरू झाली. ती ऐच्छिक आहे, कंपनीने गाडी पाठवली तरच होते. त्यामुळे शोरूममध्ये गेल्यावर आपण घेत असलेल्याच मॉडेलचे तारे किती, हे विचारा. चाचणी झाली नसेल तर का नाही, तेही विचारा. आणि जमले तर दोंडाईचा-शहादा रस्त्यावर रोज प्रवासी वाहणाऱ्या एखाद्या चालकाला गाठा. गाडी दोन लाख किलोमीटर पळवून झालेली असते, हप्ते फिटलेले असतात, आणि त्याला दहापैकी दहा द्या म्हणून कोणी सांगितलेले नसते.