मासे सोडणं बंद केलं, आणि मासे वाढले!

दहा तासांचं ड्रायव्हिंग, परराज्यातल्यांना लागणारं महागडं लायसन्स, आणि हातात मासे किती? शून्य! माझा लाँग वीकेंड हा असा चालला होता.

मी ऑनसाइट सिएटलला होतो तेव्हाची गोष्ट. तिथे स्थायिक झालेला माझा मामेभाऊ म्हणाला, "चल, मोंटानात ट्राउट धरायला." आम्ही मूळचे मालवणकडचे. गरी टाकायला मला काय कोणी शिकवणार? पण एनिस नावाच्या छोट्या गावाजवळ मॅडिसन नदीत उतरलो आणि सगळी मस्ती उतरली. ट्राउट प्रवाहाकडे तोंड करून दगडाच्या आडोशाला बसतो. गळावरची पिसांची खोटी माशी जरा वेडीवाकडी पडली की साहेब ढुंकूनही बघत नाहीत.

शेवटी वैतागून म्हटलं, "दादा, एवढे पैसे घेतात, तर सरकारनं नदीत चार मासे सोडायला काय होतं?"

"सोडायचे ना. मग बंद केलं," दादा हसून म्हणाला.

किस्सा भन्नाट आहे. पूर्वी इथेही हॅचरीतल्या टाक्यांत वाढवलेले ट्राउट दरवर्षी नदीत सोडत. जास्त सोडले की जास्त मिळणार, सरळ हिशेब! पण डिक व्हिन्सेंट नावाच्या सरकारी जीवशास्त्रज्ञानं प्रत्यक्ष मोजणी केली. मॅडिसनच्या ज्या पट्ट्यात मासे सोडणं थांबवलं, तिथे नदीतच जन्मलेले ट्राउट वाढले. शेजारच्या ओडेल ओढ्यात मुद्दाम सोडून पाहिले, तर तिथले जंगली ट्राउट घटले. टाकीतले मासे गर्दी करून मूळच्यांच्या जागा विस्कटतात, आणि त्यांतले बरेचसे स्वतःही फार टिकत नाहीत. दुकानदार, हौशी मासेमार सगळे खवळले. तरी 1974 मध्ये मोंटानानं जंगली ट्राउटच्या नद्यांत मासे सोडणं थांबवलं.

गंमत म्हणजे हे 'जंगली' ट्राउट मूळचे इथले नाहीतच. ब्राउन ट्राउट युरोपातून आला, रेनबो पॅसिफिक किनाऱ्याकडून. पण आता पिढ्यान्‌पिढ्या त्यांची अंडी याच नदीच्या खड्यांत उबतात. आपल्या पुणेकरांसारखंच की!

पुढे सगळं आलबेल होतं असंही नाही. 1994 मध्ये मॅडिसनमध्ये एका परजीवीचा रोग सापडला आणि रेनबोची संख्या काही भागांत जवळपास 90 टक्क्यांनी घसरली. तरी टाकीतले मासे आणून खड्डा भरला नाही. काही वर्षांत नदी हळूहळू सावरली.

आता काळजी उन्हाची आहे. ट्राउटला थंड पाणी लागतं. सलग तीन दिवस पाणी 23 अंशांपर्यंत तापलं, की मोंटानात त्या नदीवर दुपारी दोन ते मध्यरात्र मासेमारी बंद करता येते. दादा तर त्याहून कडक. त्यानं थर्मामीटर पाण्यात बुडवला, 20 च्या वर आकडा दिसला आणि गाशा गुंडाळला.

"अरे, मला अजून एकही मिळाला नाही!"

"गरम पाण्यात दमलेला मासा सोडला तरी मरतो. उद्या पहाटे बघू."

रात्रभर चरफडलो. पहाटे सहाला, बोटं गारठलेली असताना, दोरी एकदम ताणली गेली. जेमतेम वीतभर ब्राउन ट्राउट, अंगावर लाल ठिपके. आमच्याकडे हा थेट कालवणात गेला असता. दादा म्हणाला, "आधी हात ओले कर." ओल्या हातांनी गळ काढला, मासा पाण्यात धरला. क्षणभर थांबला आणि सुळकन गेला. त्याला कोणी आणून सोडलं नव्हतं. मला एकदम त्याचा अभिमानच वाटला, उगाचच!

सोमवारी ऑफिसात बॉस म्हणाला, "प्रोजेक्ट लेट होतोय, अजून चार जण टाकू या का?"

मी म्हटलं, "सर, आधी पाणी तपासू या."


बॉसला काही कळलं नाही. तुम्हाला कळलं असेल.