चौकटीपुरते फूल

1928 साली बर्लिनमधले कलाशिक्षक कार्ल ब्लॉसफेल्ट यांचे ‘उर्फॉर्मेन डेर कुन्स्ट’ हे छायाचित्रांचे पुस्तक प्रसिद्ध झाले. त्यातल्या बऱ्याचशा वनस्पती बागेतल्या नव्हत्या, रस्त्याकडेला उगवणाऱ्या साध्या रानवनस्पती होत्या. नेच्याचे कोवळे वेटोळे, देठ, बोंडे त्यांनी कित्येक पटींनी मोठी करून दाखवली. विद्यार्थ्यांनी निसर्गाचे आकार नीट पाहावेत, हा त्यांचा हेतू होता.

आठच वर्षांनी, 1936च्या जूनमध्ये, नामवंत छायाचित्रकार एडवर्ड स्टायकेन यांचे प्रदर्शन न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये भरले. तिथे मांडले होते ते फोटो नव्हेत, डेल्फिनियमची खरी फुले. वर्षानुवर्षे संकर करून स्टायकेन यांनी ती स्वतः तयार केली होती. एकासाठी वनस्पती गुरू होती, दुसऱ्यासाठी हवा तो आकार देण्याची माती. स्टायकेन यांचे फुलांवर जिवापाड प्रेम होते, यात शंका नाही. पण प्रेमाची दिशा बदलली होती, आणि आज आपण त्याच वाटेवर फार पुढे आलो आहोत.

मावळातल्या गुलाबाच्या पॉलिहाऊसमध्ये कळीवर जाळीची छोटी टोपी चढवलेली दिसते. कळी भरावी, पण लवकर उमलू नये, म्हणून. मग ती मिटलेलीच काढतात, दांड्याच्या लांबीनुसार प्रतवारी करतात आणि शीतगृहात ठेवतात. रंग, आकार, लांबी, टिकाऊपणा यांना भाव मिळतो. सुगंध प्रतवारीत मोजला जात नाही आणि फोटोतही उतरत नाही. बाजारातले बहुतेक लांब दांड्याचे गुलाब जवळजवळ गंधहीन असतात, ते यामुळेच. दोष शेतकऱ्याचा नाही. कर्ज काढून उभारलेल्या पॉलिहाऊसमध्ये तो बाजार मागेल तेच पिकवणार. फुलाच्या सुंदर फोटोत मात्र ठिबकचे पाणी दिसत नाही, कीटकनाशक दिसत नाही, फवारणी करणारा मजूरही दिसत नाही.

चौकटीत मावेल तेवढेच फूल पाहण्याची ही सवय आपण रानातही घेऊन जातो. साताऱ्याजवळचे कास पठार 2012पासून जागतिक वारशाचा भाग आहे. जांभ्या खडकावर तिथे मातीचा जेमतेम थर असतो. त्यात उगवणारी सीतेची आसवे ही वनस्पती जमिनीतल्या मुळांसारख्या भागांवरच्या सूक्ष्म पिशव्यांत बारीक जीव पकडून पोषण मिळवते, कारण त्या मातीत कस नाही. फुलांच्या मधोमध बसून फोटो काढणाऱ्याच्या पायाखाली हा थर दबतो. पुढच्या पावसाळ्यासाठी पडलेले बीही तुडवले जाते. फोटोत जांभळा गालिचा येतो, ही हानी येत नाही.

धोका कॅमेऱ्यात नाही. ब्लॉसफेल्ट यांच्या हातातही कॅमेराच होता. धोका आहे तो फुलाला त्याच्या माती-पाण्यापासून, कीटकांपासून आणि ऋतूपासून तोडून पाहण्यात. असे पाहणारा समाज फूल गमावल्यावरही त्याच्या चित्रावर समाधान मानेल, आणि काय गेले हे त्याला कळणारसुद्धा नाही.

म्हणून छायाचित्रकारांनी फुलाबरोबर त्याची माती, त्याचा कीटक आणि ते पिकवणारे हातही दाखवावेत. आपण फुले घेताना हंगामातली, जवळच्या शेतातली आधी घ्यावीत. आणि पठारावर गेल्यावर पायवाट सोडू नये, फोटो कितीही चांगला मिळणार असला तरी.